वैजीची पाती

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे, उद्यमबागेत, माझं ग्राइंडिंगचं दुकान.
पाटी वर कन्नडात, खाली बारक्या अक्षरात मराठी.
भिंतीपलीकडे फाउंड्री. दिवसातून दोनदा लोखंड ओततात,
तेव्हा भिंत हात लावू देत नाही.
त्या भिंतीला पाठ लावून अकरा वर्षं
मी बर्फावरच्या पात्यांना धार लावली.

बर्फ मी पाहिला तो मासळीबाजारातला, भुशात गुंडाळलेला.

वैजयंती देसूरकर. बाप त्याच भट्टीवर.
चाकांवर घुमायची आधी, गावातल्या रिंकमध्ये.
मग कुणी डेहराडूनला नेलं, आणि परत आली ती
पिशवीत दोन लांब सुऱ्या घेऊन.
"काका, ह्याला धार लावून देतासा काय?"

पातं सरळ नव्हतं. किंचित वाकलेलं,
बुटाखाली मधोमध नाही, डावीकडे सरकून बसवलेलं.
चुकलंय म्हटलं कुणाचं तरी.
"चुकलं न्हाई. तिथं सगळं डावीकडंच वळतंय की हो."

मग शिकलो. रद्द झालेल्या कास्टिंगातून जिग बनवला.
डायल गेजची सुई शंभराव्या भागाने हलली
तर तिकडे कुठेतरी ही भिंतीवर आदळणार,
हे ध्यानात ठेवून दगड फिरवला, तेल टाकून, रात्री,
वरची मशीन बंद झाल्यावर.

फोनवर ती सगळं बरं आहे म्हणायची.
पातं खोटं बोलत नसे.
अल्माटीहून आलं त्याला टोकाशी खाच:
कुणाच्यातरी पायात पाय.
हार्बिनहून आलं ते दोन्हींची डावी कड एकसारखी झिजलेली.
त्या दिवशी मी तिच्या बापाला चहा पाजला,
कारण सांगितलं नाही.

एकदा विचारलं, तिथं रेघा असतात काय गं, आपापल्या?
म्हणाली, रेघ नसतीय. वळणावर सात काळे ठोकळे,
त्यांच्या आतून गेलं की बाद.
आमच्याकडे रेघ म्हटली की कोर्टात जाते,
आणि माणसं तिच्या दोन्ही बाजूंना म्हातारी होतात.
साडेचार फेऱ्या, पाऊण मिनिट. तेवढ्यात निकाल.
मला हेवा वाटला, खरं सांगतो.

पुण्याची एक पोरगी हसायची म्हणे तिला,
"मी पडलो" म्हणते म्हणून.
"पडलो तर पडलोच की," वैजी म्हणाली, "पडली म्हटल्यावर कमी लागतंय काय?"

डोर्ड्रेख्तला उपांत्य फेरीत गेली.
पुढचे दोघे एकमेकांत अडकून पडले, ही वाट काढून निघाली.
गल्लीत म्हणाले, नशीब.
मी म्हटलं, पडणाऱ्यांच्या मागं हातभर अंतरावर
उभं राहून बघा एकदा.

पुढच्या हिवाळ्यात मांडी फाटली.
पडलेल्या एकीचं पातं उडालं आणि सूटमधून आत गेलं.
बावीस टाके.
मी चार दिवस दगडाला हात लावला नाही.
त्या पोरीच्या गावातही कुणीतरी असणार,
रात्री तेल टाकून, सुईकडे बघत,
चांगलं काम केलं म्हणून झोपायला गेलेला.

आता ती हुबळीला रेल्वेत. खेळाडू कोट्यातून.
परवा आली. पिशवी तीच.
काउंटरवर रेलली, अजून डाव्या अंगानेच.
"काका, धार मोडून द्या."
मला ऐकू आलं नाही असं वाटलं.
"शाळेत ठेवणार म्हणतात. पोरं हात लावतील."

एकतीस वर्षांत कुणी असं काम आणलं नव्हतं.
जिग काढला नाही. गेज काढला नाही.
पातं मुठीत धरलं, कड दगडावर आडवी घासली,
जशी आम्ही कुणालाच घासू देत नाही.
दोन मिनिटं. दुसरं, त्याहून कमी.
अंगठा फिरवून बघितला, सवयीने.
मग तिनेही फिरवला.

पलीकडे लोखंड ओतायची वेळ झाली होती.
"किती झाले?" तिनं विचारलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा मला आकडा सांगावा लागला.
सांगितला. तिनं मोजून दिले.
मी ते गल्ल्यात टाकले नाहीत अजून.